ज्या बोलीत घडलं, त्या बोलीत

अपघातानंतर मनाला जडलेल्या एकाच दुखण्यावर मी एकच उपचार दोनदा घेतला. गोळीचं नाव तेच, समुपदेशनाची पद्धतही तीच. पहिल्या वेळी काही फरक पडला नाही, दुसऱ्या वेळी पडला. आमच्याकडे अशा वेळी लोक दोनच गोष्टी म्हणतात: 'या दुखण्याला औषध नाही' किंवा 'त्या डॉक्टरच्या हाताला गुण आहे'. पहिल्या वेळी मीही पहिलंच म्हणाले होते. तेव्हा चुकलं काय आणि नंतर बदललं काय, ते जसं आठवतंय तसं लिहिते आहे.

आमचं गाव पारोळा आणि एरंडोलच्या मधे, महामार्गाला लागून. जुना सहा नंबरचा हायवे, आता त्याचा नंबर ५३. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. २०२२ चा एप्रिल संपत आला होता, आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, चार-पाच दिवसांवर होती. नणंद माहेरपणाला आली होती. आम्ही दोघी जळगावला फुले मार्केटमधून साड्या आणायला निघालो. फाट्यावर बस लवकर येईना म्हणून काळी-पिवळीत, म्हणजे भाड्याच्या खाजगी गाडीत, बसलो. तिला गाडी लागायची. मी म्हटलं, तू खिडकीजवळ बस, वारं लागेल. एरंडोल मागे पडलं आणि पाळधीच्या अलीकडे समोरून ओव्हरटेक करत आलेला ट्रक आमच्या गाडीच्या कुशीवर बसला. मार खिडकीच्या बाजूला लागला. माझं गळ्याखालचं हाड मोडलं. ती जागेवरच गेली.

हे पाच-सहा ओळींत मांडता यायला मला दोन वर्षं लागली.

हाड सहा-सात आठवड्यांत जुळलं. बाकीचं मात्र तेव्हापासूनच सुरू झालं. रात्री दोन-अडीचला दचकून जाग यायची आणि डोळ्यांपुढे तीच गाडी, तोच उन्हाचा पांढरा झोत. वर्गात कुणी डस्टर खाली पाडलं तरी अंगाला घाम फुटायचा. नव्या साडीच्या खळीचा वास सोसवायचा नाही. महामार्गावर पाय ठेवणं बंद झालं. शाळा सात किलोमीटरवर, पण माझे मिस्टर मला मोटरसायकलवर शेतशिवाराच्या कच्च्या रस्त्याने नऊ किलोमीटरचा वळसा घालून सोडायचे. त्यांना कापूस वेचायला माणसं लावायची असायची, तरी त्यांनी एक दिवसही कुरकुर केली नाही. त्या मायेचाही या दुखण्यात वाटा होता, हे कळायला फार उशीर लागला.

त्या गाडीत आम्ही नऊ जण होतो. मी सोडून वाचलेल्यांपैकी बहुतेक जण तीन-चार महिन्यांत आपोआप सावरले. त्यांनी कुठलाही उपचार घेतला नाही, आणि त्यात नवल काही नाही. असा धक्का बसलेली बरीचशी माणसं घरच्यांच्या आणि रोजच्या कामाच्या आधाराने काही महिन्यांत मार्गी लागतात. मी मात्र स्वतःला दूषणं देत राहिले: त्यांना जमलं, मला का नाही? ज्यांचं महिन्याभरानंतरही ओसरत नाही, उलट आयुष्य आकसत जातं, त्यांच्या दुखण्याला वैद्यकात नाव आहे. मनोविकारांच्या अमेरिकन वर्गीकरणात ते १९८० मध्ये आलं. मराठीत त्याला आघातोत्तर ताणविकार म्हणतात, इंग्रजीत पीटीएसडी. मला हे नाव दीड वर्षाने कळलं.

तोपर्यंत सासूबाईंनी उतारा केला, भगताकडे नेलं. मी त्याला हसणार नाही. स्वतःची लेक गेलेली ती बाई सुनेच्या डोक्यावरून लिंबू-मिरची उतरवत होती. भीती गेली नाही, पण मी त्या घरात एकटी नाही एवढं त्या रात्रींनी मला सांगितलं.

ओळखीच्या एका डॉक्टरांनी झोपेसाठी अल्प्राझोलाम लिहून दिली. अर्ध्या मिलिग्रॅमची, दहा दिवसांसाठी. त्या दहा दिवसांचे चौदा महिने झाले. जुनी चिठ्ठी दाखवली की मेडिकलवाला पट्टी द्यायचा. रात्री एक. लग्नाला जायचं असलं की आणखी अर्धी. हायवेचा आवाज जवळून ऐकू येणार असला की आणखी अर्धी.

२०२३ च्या जानेवारीत एका शहरात मानसोपचार सुरू केले. सर्ट्रालिन ही नैराश्य-चिंतेवरची गोळी ५० मिलिग्रॅम लिहून दिली आणि आठवड्याला एकदा समुपदेशन. पाच मिनिटांत चिठ्ठी हातात. ही गोळी चार ते सहा आठवड्यांनी काम दाखवायला लागते, काहींना त्याहून जास्त लागतात, आणि पहिल्या पंधरवड्यात मळमळ, अस्वस्थता वाढू शकते, हे मला कुणी सांगितलं नाही. मला मळमळायचं, छातीत जास्तच धडधडायचं. बाराव्या दिवशी मी पट्टी कपाटात टाकली. पुढच्या भेटीला विचारलं गेलं, 'गोळ्या चालू आहेत ना?' मी म्हटलं, हो.

समुपदेशनाची पद्धत योग्यच होती. टाळत आलेल्या जागांना थोडं थोडं करून सामोरं जायचं आणि आठवणीलाही सामोरं जायचं. मी सहा वेळा गेले. पण गेले कशी? त्या शहराचा रस्ता म्हणजे तोच महामार्ग. आम्ही आडवाटेने धरणगाव गाठायचो आणि तिथून सुरत-भुसावळ लाइनची गाडी पकडायचो. निघताना मी अर्धी अल्प्राझोलाम घ्यायचे. समुपदेशकांसमोर बसायचे ती शांत, थोडी सुस्त. त्यांनी प्रसंग सांगायला सांगितला की मी मुख्याध्यापकांना अहवाल द्यावा तशा शुद्ध मराठीत सांगायचे: 'दुपारी साधारण अकरा वाजता वाहनास अपघात झाला.' डोळ्यांत पाणी नाही. त्यांना वाटलं असेल, बाई सावरते आहे. आणि खिडकीबद्दल मी एक अक्षर बोलले नाही. जागा मी तिला दिली, ही गोष्ट तोवर जगात कुणालाच माहीत नव्हती.

सहाव्या भेटीनंतर मी बंद केलं. घरी सांगितलं, लागू पडत नाही.

काळ्या जमिनीत कुंदा नावाचं तण माजतं. वरून खुरपलं की शेत आठ दिवस स्वच्छ दिसतं आणि मुळं खाली तशीच. माझा पहिला उपचार असा वरच्यावर खुरपला गेला, आणि खुरपं माझ्याही हातात होतं.

ऑक्टोबर २०२३ च्या एका रात्री पट्टीतली गोळी संपली. त्या रात्रीचं वर्णन नको. पहाटे तीनच्या सुमारास मी १४४१६ लावला. केंद्र सरकारची ही मानसिक आरोग्याची टेली-मानस सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, फुकट. नंबर शाळेत आलेल्या एका पत्रकावर होता. पलीकडची मुलगी मराठीत बोलली. तिने दोन गोष्टी सांगितल्या. अल्प्राझोलाम इतके दिवस घेतल्यावर एकदम तोडायची नाही, फिट येऊ शकते, डॉक्टरांच्या देखरेखीत हळूहळू उतरवायची. आणि जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी मानसोपचार विभाग असतो, तिथे जा. मी तिला विचारलं, दीड वर्ष होऊन गेलं, आता उपयोग होईल का? ती म्हणाली, पुष्कळ वर्षांनी आलेल्यांनाही होतो.

इथून दुसरी खेप.

या वेळच्या डॉक्टरांनी आधी रक्त तपासायला लावलं. हिमोग्लोबिन नऊच्या खाली आणि थायरॉईड बिघडलेलं. धडधड, थकवा, झोप नसणं यातला किती भाग भीतीचा आणि किती थायरॉईडचा, हे कुणी पाहिलंच नव्हतं. दोन्हीवर औषध सुरू झालं. अल्प्राझोलाम पाव-पाव गोळीने, दर पंधरा दिवसांनी कमी करत गेलो. अडीच महिने लागले. सर्ट्रालिन पुन्हा सुरू केली, पण २५ पासून, आणि डॉक्टरांनी कॅलेंडरवर बोट ठेवून सांगितलं: 'पहिले पंधरा दिवस त्रास वाटेल, तेव्हा सोडायची नाही, मला फोन करायचा. फरक सहाव्या आठवड्याला विचारीन.' पुढे ती १०० पर्यंत गेली. तीच गोळी. आधी मला तारीख दिली गेली नव्हती, आता दिली गेली. माझ्या मते गोळी चालू राहिली ती त्या तारखेमुळे.

प्रत्येक भेटीला एक कागद भरायचा. पीसीएल-५ नावाची वीस प्रश्नांची यादी, प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण ऐंशी. एकतीस-तेहतीसच्या वर गेलं की या विकाराचा विचार करतात. माझे पहिल्या दिवशी ५४ होते. मी शिक्षिका आहे, गुणपत्रिका मला कळते. आधीच्या खेपेला मी सुधारते आहे की नाही हे माझ्या चेहऱ्यावरून ठरत होतं. आता आकडा तीन भेटी हलला नाही आणि चौथ्या भेटीला मॅडमनी सरळ विचारलं, 'काहीतरी राहतंय. काय राहतंय?'

या मॅडम म्हणजे मानसशास्त्रज्ञ, साक्रीकडच्या. त्या वापरत होत्या ती पद्धत अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ एडना फोआ यांनी घडवलेली. नव्वद मिनिटांची बैठक, डोळे मिटून प्रसंग वर्तमानकाळात सांगायचा, पुन्हा पुन्हा. फोनवर रेकॉर्ड करायचं आणि घरी रोज ऐकायचं. मी नेहमीच्या अहवालाच्या मराठीत सुरू केलं. त्यांनी थांबवलं. म्हणाल्या, 'तुम्ही दोघी गाडीत कोणत्या भाषेत बोलत होता?' मी म्हटलं, अहिराणीत. 'मग ज्या बोलीत घडलं त्या बोलीत सांगा. मला समजते.'

मी शाळेत बावीस वर्षं पोरांना सांगत आले, वर्गात शुद्ध बोला. डॉक्टरांसमोर अहिराणी बोलणं मला अडाणीपणाचं वाटत होतं. मी डोळे मिटले आणि पहिलंच वाक्य आलं ते हे: 'मीच तिले सांगं, खिडकीजोडे बस.' ते वाक्य मी ठरवून बोलले नव्हते. शुद्ध मराठीत ते दीड वर्ष माझ्या घशात अडकलं होतं. आणि मग 'तिना हात मना हातमा व्हता', आणि मग मला पुढचं बोलता येईना. शून्य ते शंभर अशा मापाने भीती किती, असं त्या मधे मधे विचारायच्या. त्या दिवशी मी शंभर म्हटलं. त्या उठल्या नाहीत, पाणी पुढे केलं नाही, 'पुरे आज' म्हटलं नाही. फक्त म्हणाल्या, 'मी शे ना आठे. सांगा.' मी आहे ना इथे.

तो दिवस मी विसरणार नाही. पहिल्या समुपदेशकांना ज्ञान कमी होतं असं मी म्हणत नाही. मी त्यांना माझी सगळ्यात दुखरी जागा दाखवलीच नाही, आणि दाखवावीशी वाटावी असं काही आमच्यात झालं नाही. जी जागा सगळ्यात जास्त पोळते ती सोडून बाकी सगळं कितीही वेळा सांगितलं तरी तिला धक्का लागत नाही. ती जागा माणूस कुणाला दाखवतो, कोणत्या बोलीत दाखवतो, यावर पुष्कळ अवलंबून आहे. आपल्याकडे शहरातले समुपदेशक प्रमाण मराठीत किंवा इंग्रजीत शिकलेले असतात. धुळे, नंदुरबार, जळगावच्या माणसाने त्यांच्यापुढे आधी स्वतःच्या दुःखाचं भाषांतर करायचं आणि मग ते सांगायचं. भाषांतर होताना रडू गळून जातं.

पुढच्या बैठकींत त्या खिडकीवरच थांबलो. मॅडम मला 'तुमची चूक नाही' असं म्हणाल्या नाहीत. ते घरच्यांनी हजारदा म्हटलं असतं तरी मी मानलं नसतं. त्यांनी विचारलं, 'जागा दिली त्या क्षणाला तुम्हाला काय माहीत होतं?' मला माहीत होतं की तिला गाडी लागते. उकाडा आहे. खिडकीला वारं आहे. 'ट्रक माहीत होता?' नव्हता. आज मला जे माहीत आहे ते मी त्या दिवशीच्या मला माहीत असल्यासारखं धरत होते. किती साधी गोष्ट. पण ती मी स्वतः बोलून दाखवली तेव्हाच ती माझी झाली, आणि तीही एका बैठकीत नाही.

आता गृहपाठ. रेकॉर्डिंग रोज ऐकायचं, पण आठ माणसांच्या घरात कुठे? पहिल्या खेपेला मी गृहपाठ केलाच नव्हता आणि कारण एवढंच होतं की घरात एकटीला बसायला कोपरा नव्हता. कुणी ते विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. मॅडमनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, 'कुठे ऐकाल?' आम्ही दोघींनी मिळून जागा शोधली: शाळा सुटल्यावर पोषण आहाराच्या तांदळाची पोती ठेवतो ती खोली. मी रोज साडेपाचला त्या पोत्यांवर बसून, कानाला हेडफोन लावून पाऊण तास स्वतःचाच आवाज ऐकायचे. पहिल्या आठवड्यात हुंदके. तिसऱ्या आठवड्यात एका जागी मला चक्क कंटाळा आला. मॅडमना सांगितलं तर त्यांना फार आनंद झाला.

मग मिस्टरांना बोलावून घेतलं. त्यांना समजावलं की तुम्ही वळसा घालून नेता तेव्हा तिच्या मनाला रोज कळतं की रस्ता खरंच घातक आहे. माझ्या मिस्टरांचे डोळे भरले. म्हणाले, 'मी तर तिला जपत होतो.' जपणं आणि आजाराला जपणं यातली रेघ फार बारीक असते, घरच्यांना ती कुणीतरी दाखवावी लागते. त्या दिवसापासून त्यांनी वळसा बंद केला, आणि मी रडले तरी मोटरसायकल वळवली नाही. त्यांना ते किती जड गेलं, मला माहीत आहे.

टाळलेल्या गोष्टींना पायरी-पायरीने सामोरं जायचा जिना असा होता. काळी-पिवळीच्या फोटोकडे बघणं. फाट्यावर दहा मिनिटं उभं राहणं. उभ्या गाडीत बसणं. सकाळच्या बसने एरंडोल. मग दुपारच्या. मग काळी-पिवळी. मग खिडकी. प्रत्येक पायरीवर माझ्याकडे एक ताईत असायचा, खरा नव्हे, सवयीचा: पाण्याची बाटली, हातात फोन, ड्रायव्हरच्या मागचीच जागा, विजेचे खांब मोजणं. मॅडमनी ते एकेक करून काढून घेतले. आणि मग मला पहिल्या खेपेच्या अर्ध्या गोळीचा हिशेब लागला. भीती वर चढू द्यायची, तिथे टिकायचं, आणि काही झालं नाही हे मनाने स्वतः पाहायचं, हा त्या उपचाराचा गाभा. मी गोळी घेऊन जायचे तेव्हा भीती चढतच नव्हती, आणि सुखरूप परत आले की मन नोंद करायचं: गोळी होती म्हणून वाचलीस. केलेल्या धाडसाचं श्रेय पट्टीला जात होतं. अल्प्राझोलामच्या गटातल्या गोळ्या आघाताच्या आजारात टाळाव्यात असं तज्ज्ञांचे मार्गदर्शक सांगतात, तरी आपल्याकडे पहिल्याच भेटीत त्या हातात पडतात. ज्यांच्या हातात आहेत त्यांनी हे वाचून स्वतःहून तोडू नयेत. कशा उतरवायच्या, ते विचारावं.

दर आठवड्याला जळगाव म्हणजे भाडं आणि अर्ध्या दिवसाची रजा. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. सहज वाटावी अशी ही गोष्ट आहे, पण बारा-तेरा भेटी मी चुकवल्या नाहीत त्यात तिचा हात आहे. आमच्याच गाडीत मागे बसलेला एक मुलगा आहे, मजुरी करतो. त्यालाही हेच दुखणं आहे. त्याला पूर्ण तिकीट आणि दिवसाची रोजी बुडते. शिवाय तो झोपेसाठी पितो. माझी गोळी जे करायची तेच त्याची बाटली करते, म्हणून मी त्याला नावं ठेवू शकत नाही. तो दोन भेटींना आला, तिसरीला आला नाही. त्याच्या बाबतीत कुणी म्हणालं की उपचार लागू पडला नाही, तर मी विचारीन, त्याला उपचार मिळाला कधी?

ओपीडीच्या बाकावर चोपड्याकडच्या एक बाई भेटायच्या. त्यांना दुसरी पद्धत दिली होती: मॅडम बोट डावीकडे-उजवीकडे हलवायच्या आणि त्या नजरेने त्याच्या मागे जात आठवण मनात धरायच्या. ईएमडीआर. फ्रान्सिन शॅपिरो यांनी १९८७ मध्ये सुरू केलेली. त्याही सुधारल्या. यातली कुठली चांगली, असं मी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, आठवणीला थेट हात घालणाऱ्या पद्धतींमध्ये फार मोठं अंतर दिसत नाही. माणूस शेवटपर्यंत टिकतो का, ते आधी बघायचं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये माझा आकडा २६ वर आला. मी खिडकीत बसून एरंडोलला जाऊन आले. मला वाटलं, सुटले. मग एप्रिल आला. पहिली गरम झळ तोंडावर आली आणि मी फाट्यावरून परत फिरले. मला वाटलं सगळं पाण्यात गेलं. मॅडमनी घंटा वाजली की खाणं येतं अशी सवय लावलेल्या पावलॉव्हच्या कुत्र्यांचं उदाहरण दिलं: घंटेची सवय मोडल्यावरही काही काळाने लाळ परत येते. भीती पुसली जात नाही, तिच्या शेजारी नवं शिकणं बसतं, आणि ते ज्या हवेत, ज्या वेळी शिकलं तिथेच आधी काम करतं. मी थंडीत, सकाळी शिकले होते. भीती मात्र एप्रिलच्या दुपारची होती. म्हणून आम्ही एप्रिलच्या दुपारीच पुन्हा सगळा जिना चढलो. जळगावच्या त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांत. पाळधीच्या अलीकडे त्या जागी उतरलो, मी आणि मिस्टर. पंधरा मिनिटं रस्त्याच्या कडेला उभे राहिलो. भीती सुरुवातीला पंच्याण्णव. निघताना चाळीस. तिथे आता काही नाही, बाभळी आहेत.

सासूबाईंचं राहिलं.

खिडकीचं मी मॅडमना सांगितलं, मिस्टरांना सांगितलं. सासूबाईंना सांगायची हिंमत नव्हती, आणि जोपर्यंत ते लपलेलं होतं तोपर्यंत त्या घरात माझा श्वास पूर्ण सुटत नव्हता. मॅडम म्हणाल्या, सांगायचं की नाही हे तुम्ही ठरवा, पण त्या माफ करतील म्हणून सांगू नका. काहीही होऊ शकतं, त्याची तयारी असेल तर सांगा.

एका संध्याकाळी त्या ओट्यावर सुपात दादर, म्हणजे ज्वारी, पाखडत होत्या. मी समोर बसले आणि म्हटलं, 'आई, मीच तिले सांगं, खिडकीजोडे बस.' सूप थांबलं. बराच वेळ काही नाही. मग त्यांनी विचारलं, 'काय बोलनी ती?' मला प्रश्न कळला नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, 'गाडीमा. काय बोलनी ती?' मी सांगितलं की वारं छान लागतंय म्हणाली. आणि म्हणाली, 'मायले जांभळं पातळ लेवानं.'

त्या उठून गोठ्यात गेल्या. दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. ते दोन दिवस मी पोत्यांच्या खोलीत काढले म्हटलं तरी चालेल. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा देताना विचारलं, 'काठ कोणता म्हने?' मी म्हटलं, काठाचं बोलली नव्हती. दोन वर्षं आम्ही सगळे त्यांना जपायचं म्हणून त्यांच्यासमोर तिच्या शेवटच्या दिवसाचा विषय काढत नव्हतो, आणि त्यांना तोच दिवस ऐकायचा होता. त्यांनी मला माफ केलं की नाही, मी विचारलेलं नाही. पण त्यानंतर दर पंधरा-वीस दिवसांनी त्या काहीतरी विचारतात. गाडीत आणखी कोण होतं, तिने पाणी प्यायलं होतं का. मी सांगते. अहिराणीत.

२२ जानेवारी २०२५ ला पाचोरा तालुक्यात परधाड्याजवळ आगीच्या अफवेने पुष्पक एक्सप्रेसमधून उतरलेल्या प्रवाशांना समोरून आलेल्या कर्नाटक एक्सप्रेसने उडवलं. संध्याकाळपर्यंत आमच्या शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्याचे व्हिडिओ आले. मी एक उघडला. त्या रात्रीपासून पंधरा दिवस पुन्हा अडीचची जाग, पुन्हा दचकणं. पण या वेळी मला रस्ता माहीत होता. तिसऱ्याच दिवशी मॅडमना फोन केला, दोन जादा बैठकी झाल्या, जुनं रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं. ग्रुपमध्ये मी लिहिलं की असे व्हिडिओ टाकू नका, आणि का ते लिहिलं. काहींना राग आला. चालेल.

गोळी बरं वाटल्यावरही निदान वर्षभर चालू ठेवायची असं ठरलं होतं, जानेवारीमुळे ते पुढे गेलं. आता डॉक्टर ती पावसाळ्यानंतर उतरवायला सुरुवात करू म्हणतात. शेवटचा आकडा १९ होता. एप्रिलच्या दुपारी काळी-पिवळीत बसण्याआधी मला अजून थोडा वेळ उभं राहावं लागतं. नव्या साडीची घडी मी अजून दुसऱ्याला मोडायला देते.

पुढची तारीख पोळ्यानंतरची आहे. सासूबाई म्हणाल्या, मीही येते, त्या मॅडमना मला काही विचारायचं आहे. काय, ते त्यांनी मला सांगितलेलं नाही. मी दोघींची जागा धरीन.